तिळातल्या मुंग्या

इंजेक्शनच्या दोन कुप्या काखेत धरून सारवोतो डोंगर चढत होता.

मोटरसायकल खाली पुलापाशीच ठेवावी लागे. तिथून वर म्हाताऱ्या म्बो तुकिनेमच्या घरापर्यंत दीड किलोमीटरची दगडांची पायवाट, आणि सारवोतोचा उजवा गुडघा आता त्या वाटेवरच्या एकेका दगडाला ओळखू लागला होता. कुप्या काखेत अशासाठी, की डोंगरावरच्या गारव्यात आतलं तेल जडावतं, सुईतून उतरायला रुसतं. अंगाची ऊब लागली की जरा सैल पडतं. हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं सुया टोचता टोचता हातांना आपोआप कळलेली गोष्ट होती ती.

जावाच्या त्या डोंगराळ मुलखात घरोघर सुया टोचत फिरणाऱ्या पुरुषाला मंत्री म्हणतात, आदरानं हाक मारताना पा मंत्री. सारवोतोच्या या मंत्रिपदाला गाडी नव्हती, शिपाई नव्हता. होती एक पिशवी, एक वही, आणि निवृत्तीला उरलेले आठ महिने. हल्ली तो ते आठ महिने मनातल्या मनात तसेच मोजायचा, जसा चढावर माणूस पुढचं वळण मोजतो.

आज पोनचा बुधवार; पोन म्हणजे जावाच्या पाच बाजारवारांतला एक. सात दिवसांचे वार आणि पाच दिवसांचे बाजार एकमेकांत फिरत फिरत पस्तिसाव्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन भेटतात. म्बो तुकिनेमला तारीख कळत नसे, पण धाकट्या लेकाचा जन्मवार ती कशी विसरेल? सरकारी वहीत 'चार आठवड्यांनी' असं लिहिलेलं असायचं. सारवोतोनं ते गुपचूप पस्तीस दिवसांवर नेलं होतं. म्हातारीला दिवस लक्षात राहिला तर लेक घरात सापडतो, लेक सापडला तर सुई टोचता येते. सगळं जग असंच कुणाच्या तरी लक्षात राहण्यावर चाललेलं असतं.

पोनिदी तिचा धाकटा लेक, चौतीस वर्षांचा. चोविसाव्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. भिंती बोलू लागल्या, तो भिंतींशी भांडू लागला. एकदा शेजाऱ्याच्या झोपडीला त्यानं आग लावली. मग थोरल्या भावानं, कास्दीनं, फणसाचा ओंडका आणला. कास्दी सुतार. त्यानं ओंडक्याला नीट गोल भोकं पाडली, कडा तासून गुळगुळीत केल्या, भावाच्या पायाला कुसळ टोचू नये म्हणून. आणि सहा वर्षं पोनिदीचे पाय त्या ओंडक्यात अडकलेले राहिले.

चार वर्षांपूर्वी त्याला हे महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि ओंडका निघाला. पोनिदीचे पाय वेळूच्या काठीसारखे झालेले, डावा तर आजही ओढत टाकतो. पण हात लांब, बोटं चपळ. आता गावात त्याच्यासारखी लवंग तोडणारा दुसरा नाही. ओंडका मात्र फेकला गेला नव्हता. तो बकऱ्यांच्या गोठ्याला टेकून पडला होता. येणारा-जाणारा त्यावर बसायचा.

सारवोतो अंगणात पोचला तेव्हा कास्दी त्याच ओंडक्यापाशी उभा होता. हातात फडकं होतं. तो ओंडका पुसत होता.

"आलात?" कास्दी म्हणाला. "वर बघा."

लवंगेच्या झाडावर, दुबेळक्यात, पोनिदी बसला होता. हंगाम नसताना.

"पहाटेपासनं चढून बसलाय. खाली ये म्हटलं तर म्हणतो, पोनचा बुधवार उलटू दे, मग येतो. पा मंत्री, सरळ सांगतो. आज त्याला टोचा, नाहीतर मी ओंडका आत नेतो. दोन्हीतलं एक."

"अरे, मला दम तरी खाऊ दे. मी पुढं आलोय, माझा गुडघा अजून मागं वळणावर आहे."

कास्दी हसला नाही. "बेसार महिन्यात पोरीचं लग्न आहे. चाळीस दिवस राहिलेत. मुलाकडची माणसं येणार, आणि हा झाडावरनं मुंग्या मुंग्या म्हणून ओरडणार? गेल्या खेपेला तुम्ही टोचून गेलात आणि हा दोन दिवस बेपत्ता. जंगलात सापडला. असं परत व्हायला नको."

वरून आवाज आला, "मंत्री! मुंग्या आणल्यात का?"

"आणल्यात की," सारवोतो सवयीनं म्हणाला. "या खेपेला डबाभर."

हा विनोद त्यांच्यात वर्षभर चालला होता. म्हणजे सारवोतोला तो विनोद वाटत होता. पोनिदी म्हणायचा, तुमच्या सुईतून मुंग्या येतात, अंगभर चालतात, गळ्यात जाऊन बसतात. भिंती बोलायच्या थांबल्या तर आता मुंग्या आल्या, दुखणं नुसतं कूस बदलून निजलंय, असं सारवोतोनं धरलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यानं वहीत लिहिलं, 'मुंग्यांचा भास कायम. मात्रा वाढवण्याचा विचार व्हावा.' खालच्या दवाखान्यात दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी सही केली. गेल्या खेपेपासून एका कुपीच्या दोन झाल्या.

त्यानं ओंडक्यावर बूड टेकलं, पिशवी उघडली, काखेतल्या कुप्या काढल्या. काचेची मान मोडली, एक, मग दुसरी. पिवळसर तेल जाड सुईतून संथपणे नळीत चढू लागलं. एवढं काम करायलाही आज त्याला कंटाळा येत होता. झाडावरच्या माणसाला बोलून उतरवायचं, कास्दीनं हात धरायचे, आईनं तोंड फिरवायचं, त्यानं सुई खुपसायची. मग पुन्हा दीड किलोमीटर उतार. उताराला गुडघा जास्त दुखतो.

आतून म्बो तुकिनेमचं गाणं येत होतं. ती चुलीपाशी तांदळाच्या पिठाचे गोळे करत होती, आत मुगाचं गोड पुरण भरत होती, आणि गोळे तिळांत घोळवता घोळवता तिचं म्हातारं, चिरकं गाणं चाललं होतं.

*पिठाच्या गोळ्याला तीळ चिकटे अंगाला,*
*तशी चिकटून राहीन माझ्या पोनिदी बाळाला.*

थोड्या वेळानं ती ताटली घेऊन बाहेर आली. तळलेले गरम ओन्दे-ओन्दे, तिळांनी मढलेले.

"घ्या, पा मंत्री. चहा ठेवलाय." मग वर बघून, "बाळा, उतर रे. तुझ्या आवडीचे केलेत. लहानपणी पाच पाच खायचास."

"त्यात मुंग्या आहेत," पोनिदी वरून म्हणाला.

"ऐका," कास्दी म्हणाला. "आता आईच्या हातच्या खाण्यातही."

"त्याच मुंग्या आहेत," पोनिदी शांतपणे म्हणाला. तो ओरडत नव्हता. दमलेला होता. "मंत्र्यांच्या सुईतल्या आणि ताटलीतल्या. एकाच वारुळातल्या."

सारवोतोनं एक ओन्दे-ओन्दे उचलला होता. तो तोंडाशी नेता नेता म्हणाला, "हल्ली खात नाही का हा?"

"कुठलं! दीड-दोन वर्षं झाली. एक खाल्ला की ओठ खाजवत बसतो. मागं शेजारच्या घरच्या विधीला एक खाल्लान् तर ओठ असे सुजले, कुणी थोबाडीत दिल्यासारखे. वेड लागलेल्याच्या जिभेला चव राहत नाही म्हणतात."

"आणि गेल्या खेपेला काय झालं होतं, म्बो? मी गेल्यावर?"

"काय व्हायचं? नेहमीचंच. वारा शिरला."

त्या मुलखात कुणाला काहीही झालं की वारा शिरतो. डोकं दुखलं, पोट फुगलं, अंग मोडून आलं, सगळं वाऱ्याचं. आणि वाऱ्यावर एकच उपाय: पाठीला तेल लावायचं आणि नाण्याच्या काठानं बरगड्यांच्या रेषांवर जोरजोरात घासायचं, लाल लाल पट्टे उठेपर्यंत. पट्टे जितके लाल तितका वारा जास्त होता म्हणायचं. सारवोतोची बायकोही त्याला घासायची. पोनिदीच्या मानेवर-पाठीवर प्रत्येक खेपेला ते पट्टे त्यानं पाहिले होते. पाहून विचारलंही नव्हतं. जावातल्या माणसाच्या पाठीवरचे लाल पट्टे म्हणजे आईनं घासलंय, एवढंच.

"तुम्ही सुई दिलीत की अर्ध्या तासात वारा शिरतो त्याच्यात," म्हातारी सांगत होती. "छातीत शिट्टी वाजते. गेल्या वेळी तर मला वाटलं, आता श्वास येतो की नाही. मी लगेच नाणं घेतलं. पण खरं सांगू का, पा मंत्री, घासायचं काही उरलंच नव्हतं. घासायच्या आधीच अंग लाल. मानेपासून कमरेपर्यंत."

सारवोतोचा हात थांबला.

"आधीच लाल? नाणं लावायच्या आधी?"

"हो. गांधी उठल्यासारखं. मी म्हटलं, बघा केवढा वारा, आपणहून वर आला."

त्यानं ओन्दे-ओन्दे ताटलीत ठेवला. बोटांना पाच-सहा तीळ चिकटले होते. दुसऱ्या हाताच्या बोटांना कुपीतलं तेल लागलं होतं. तो दोन्ही हातांकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून औषधाचं खोकं काढलं, आतला घडी घातलेला कागद काढला. बावीस वर्षांत तो कागद त्यानं एकदाही पूर्ण उलगडला नव्हता. कागद फेकायचा, कुपी ठेवायची. आता तो हातभर लांब धरूनही अक्षरं मुंग्यांसारखीच दिसत होती.

"काय झालं?" कास्दीनं विचारलं.

"फोन करून येतो. हे जपून ठेव. कुणाला टोचू नकोस."

"मी कशाला टोचू? मी काय मंत्री आहे?"

फोन लागायचा तो फक्त कबरस्तानाच्या उंचवट्यावर, चाफ्याखाली. म्हणजे आणखी चढ. सारवोतो चढला. एका जुन्या कबरीच्या कठड्याला टेकून त्यानं दवाखान्याच्या औषधखोलीत फोन लावला. तिथं म्बा निकेन, म्हणजे निकेनताई, होती, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लागलेली. औषधांचे कागद वाचते म्हणून सगळे तिची थट्टा करायचे. त्यात सारवोतोही असायचा.

"म्बा, महिन्याच्या इंजेक्शनात काय काय असतं गं?"

"पा, बावीस वर्षं देताय आणि आज विचारताय?"

"आज विचारतोय."

त्याच्या आवाजात काहीतरी तिनं ओळखलं असावं. खोकं फाटल्याचा आवाज आला. "थांबा हं. औषध पंचवीस मिलिग्राम. मग थोडासा टिकाऊपणासाठीचा अल्कोहोल. आणि बाकी सगळं तिळाचं तेल."

"तिळाचं."

"हो. का? पा? ऐकताय ना?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. ओठ, शिट्टी, गांधी, नाण्याचे पट्टे. सांगताना त्याला स्वतःचाच आवाज कुणा दुसऱ्याची तक्रार वाचून दाखवल्यासारखा वाटत होता. पलीकडे निकेननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज टोचलं नाहीत ना?"

"नळीत भरलंय."

"टोचू नका. एक थेंबही नको. दर खेपेला वाढत आलंय म्हणताय, आणि गेल्या वेळी दुप्पट तेल गेलंय. तीळच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, आपल्याकडे तपासणी कुठाय? पण खाण्यात तेच, सुईत तेच. या खेपेला श्वास बंद पडला तर तुम्ही कुठून आणणार परत?"

सारवोतोनं डोळे मिटले. "दवाखान्याच्या औषधांच्या यादीत तर तेल कुठंच लिहिलेलं नसतं, म्बा."

"यादीत फक्त औषधाचं नाव असतं. बाकीच्याला काय म्हणतात माहितीये? निष्क्रिय. काम न करणारं."

"मग ते असतं कशाला?"

"पा, औषध आहे चिमटीभर मिठाहूनही कमी. ते नुसतं टोचलं तर दोन दिवसांत अंगातून निघून जाईल. तेल जातं, मांसात बसून राहतं, आणि रोज थोडं थोडं सोडतं. आज इतकं, उद्या तितकं. महिनाभर राखण तेलच करतं. औषधाला नाव आहे, तेलाला नाही, एवढंच."

खाली अंगणात कास्दी ठिपक्याएवढा दिसत होता. ओंडक्याच्या एका टोकाला हात घालून तो वजनाचा अंदाज घेत होता.

"मग आता?"

"खोबरेलापासून केलेल्या तेलातलं एक येतं. आपल्याकडे नाही. प्रांताच्या इस्पितळाला लिहावं लागेल. दोन महिने, तीन महिने, सांगता येत नाही. तोवर गोळ्या. मी डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारते. अंगात अजून जुनं तेल आहे, ते दोन-तीन आठवडे सांभाळेल, पण गोळ्या उद्यापासूनच सुरू व्हायला हव्यात. रोज. एकही दिवस चुकता कामा नये."

"तो गोळी थुंकतो. म्हणून तर सुई आली. रोज कोण देणार?"

"तेच तर," ती म्हणाली. "रोज तेलच देत होतं ना."

उतरताना सारवोतो दोनदा बसला. गुडघ्याचं निमित्त होतं. त्याला वहीतलं वाक्य आठवत होतं, त्याच्याच वळणदार अक्षरातलं. मुंग्यांचा भास कायम. त्याला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. पोनिदी बरोबर सांगत होता, आई बरोबर सांगत होती, खोक्यातला कागदही बरोबर सांगत होता. लोक रोजच त्याला म्हणायचे, हे औषध मला मानवत नाही, ते मानवत नाही. ऐकून ऐकून कानांना घट्टे पडले होते. त्यात वेड्या माणसाचं ऐकणार कोण?

अंगणात येऊन त्यानं भरलेली नळी उचलली. एक नारळाची करवंटी घेतली आणि दट्ट्या दाबला. तेल बाहेर यायला बराच वेळ लागला. कास्दी बघत राहिला.

"हे काय करताय?"

"हे त्याला मानवत नाही. यात तिळाचं तेल आहे. आणखी एकदा दिलं तर जीव जाईल."

"चार वर्षं देत होतात तेव्हा?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

मग तो झाडाखाली गेला. मान वर करून बोलायचं म्हणजे मानही दुखते. त्यानं खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं.

"पोनिदी."

"टोचणार?"

"नाही."

"फसवताय."

"नाही रे. तुझ्या मुंग्या खऱ्या होत्या. मीच आणत होतो. काखेत धरून, ऊब देऊन आणत होतो. मला कळलं नाही."

पानं हलली. पोनिदीचा चेहरा दिसला, कानापाशी जुनी खाजवल्याची खूण.

"मी सांगत होतो," तो म्हणाला.

"हो. तू सांगत होतास."

"दर पोनला सांगत होतो."

"दर पोनला. वहीत लिहिलंय सगळं. मीच लिहिलंय. उलटं लिहिलं."

पोनिदी उतरू लागला. आधी लांब हात खाली आले, मग बारीक पाय. जमिनीला टेकल्यावर तो आईकडे न जाता करवंटीपाशी गेला आणि उकिडवा बसून आतल्या तेलाकडे बघू लागला, जणू शेवटी एकदा चोर सापडला.

म्बो तुकिनेमनं ताटली पदराखाली झाकली. "मी खायला घालत होते रे त्याला," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"झालं?" कास्दी म्हणाला. "सगळे खरे ठरले. वेडा खरा, मुंग्या खऱ्या. आता सुई नाही तर काय? भिंती बोलायला लागतील तेव्हा कोण येणार? तुम्ही? पा मंत्री, सहा वर्षं याची घाण मी उचललीय. रोज. तुम्ही पस्तीस दिवसांतून एकदा येता, चहा पिता, जाता. ओंडका मी हौसेनं केला नव्हता."

सारवोतोला राग आला नाही. माणूस दमलेला असला की दुसऱ्याचं दमणं त्याला लगेच ओळखू येतं.

"गोळ्या आहेत," तो म्हणाला. "रोज सकाळी एक. लांबच्या इस्पितळातून दुसरं इंजेक्शन येईपर्यंत."

"माझ्या हातून तो पाणी घेत नाही, गोळी घेईल? आईला फसवतो, गालात धरून ठेवतो. रोज देणार कोण?"

सारवोतोनं पायवाटेकडे पाहिलं. दगडांकडे. आठ महिने, त्यानं मनात म्हटलं. आठ महिने सोपे जातील असं ठरवलं होतं.

"मी येतो."

"रोज?"

"रोज."

कास्दी त्याच्या गुडघ्याकडे बघून हसला, पण वाईट हसला नाही. "लग्नापर्यंत," तो म्हणाला. "ओंडका इथंच राहील. एक दिवस चुकला तर मी कुणाचं ऐकणार नाही."

"चुकला तर तूच ने आत," सारवोतो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण कशावर पैज लावली.

घरी बायकोनं गुडघ्यावर आल्याचा लेप लावता लावता म्हटलं, "लोक निवृत्त व्हायच्या वेळेला काम सोडतात. तुम्ही आता सुरू केलंत." मग नाणं घेऊन म्हणाली, "पाठ करा इकडं, घासते." त्यानं पाठ केली. पण आधी म्हणाला, "घासायच्या आधी बघ. काही लाल आहे का?" तिला वाटलं थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवसापासून तो जाऊ लागला. पहाटे दवाखाना उघडण्याआधी पुलापर्यंत, मग वर. ओंडक्यावर बसायचं, गोळी तळहातावर ठेवायची. पोनिदी ती चिमटीत धरून उन्हाकडे करून बघायचा.

"हिच्यात काय आहे?"

पहिल्या दिवशी सारवोतोला उत्तर देता आलं नाही. त्यानं निकेनकडून लिहून आणलं आणि चष्मा लावून रोज वाचून दाखवू लागला: औषध एवढं, मक्याचं पीठ, दुधातली साखर, थोडी चिकणी माती. "तीळ नाही," शेवटी म्हणायचा. "नाही," पोनिदी म्हणायचा, आणि गोळी गिळायचा. मग तोंड उघडायचा. सारवोतो जिभेखाली बघायचा, गालात बघायचा. सातव्या दिवशी गालात सापडली. सारवोतोनं यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली, सगळी, सावकाश, आणि पोनिदीनं गिळली. तेराव्या दिवशी पोनिदी भिंतीशी कुजबुजताना आईनं पाहिलं. डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली. कास्दी ओंडक्याकडे बघत सुताराचं काम करत राहिला, लग्नाच्या मांडवाचे बांबू तासत.

इस्पितळाकडून पत्राला उत्तर नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सारवोतोला उठवेना. गुडघा नारळाएवढा झालेला. बायको म्हणाली, आज नको. तो म्हणाला, बरं. पडून राहिला. छताकडे बघत त्यानं कास्दीच्या ओंडक्याची ती गुळगुळीत गोल भोकं आठवली, कुसळ टोचू नये म्हणून तासलेली. मग उठला. पँट चढवायलाच त्याला पाव तास लागला. मोटरसायकलवर पाय टाकताना तोंडातून आवाज निघाला. पुलापाशी पोचला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि वरची वाट कशी चढायची हा विचार त्यानं पूल येईपर्यंत पुढं ढकलला होता.

पुलाच्या कठड्यावर पोनिदी बसला होता. डावा पाय पुढं ताणलेला, घोट्यापाशी खरचटलेला. शेजारी पाण्याची बाटली. जरा लांब, बांबूच्या बेटाआड, कास्दी उभा होता. बांबू निवडतोय असं दाखवत होता, पण हातात कोयता नव्हता.

"उशीर केलात," पोनिदी म्हणाला. "उशिरा घेतली तर चालते का?"

"चालते."

"मला वाटलं, चुकला दिवस. कास्दीदादा म्हणाला, थांबू या आणखी थोडं. वर वाट बघण्यापेक्षा खाली बघू."

सारवोतो मोटरसायकलवरून उतरला. उतरणं कसलं, तो खाली घसरला. पोनिदीनं कठड्यावर सरकून जागा केली. सारवोतो बसला. दोघांचे दोन पाय पुढं ताणलेले, एक सुजलेला, एक वाळलेला. खाली नदीत पाणी थोडं होतं.

त्यानं पिशवीतून गोळी काढली. चष्मा चाचपू लागला.

"वाचू नका आज," पोनिदी म्हणाला. "पाठ झालंय मला. मक्याचं पीठ, दुधातली साखर, चिकणी माती." त्यानं गोळी तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्याला, आणि सारवोतोनं सांगायच्या आत तोंड उघडलं. सारवोतोनं वाकून बघितलं. जिभेखाली काही नव्हतं. गालात काही नव्हतं.

"उद्यापासून वर येऊ नका," पोनिदी म्हणाला. "मी येतो खाली."

सारवोतोनं मान हलवली. आज चढायचं नाही, उद्याही चढायचं नाही, ही गोष्ट गुडघ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. बांबूंमागून कास्दीनं हाक दिली, "झालं का रे?"

"झालं," पोनिदी म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.